छकड्याचे काळीज

'छकडा' हा शब्द उच्चारला की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे बैल जुंपलेली हलकी, उघडी गाडी येते. गुजरातेत हाच शब्द 'छकडो' म्हणून नांदतो. तिथे बैल गेले आणि त्यांच्या जागी फटफटी आली, तरी जुने नाव लोकांनी सोडले नाही. पुढे मोटरसायकलचे तोंड, दांडा आणि इंजिन, मागे दोन चाकांवर लाकडी वा पत्र्याचे खोके, आणि त्यात दाटीवाटीने बसलेली माणसे, कोथिंबिरीच्या जुड्या, दुधाचे कॅन, क्वचित एखादी शेळी, असे हे वाहन प्रथम सौराष्ट्रात रूढ झाले आणि तेथून गुजरातभर पसरले. या वाहनाच्या पोटातले इंजिन काळानुसार कसे बदलत गेले आणि ते कशामुळे बदलले, याचा विचार आज करावयाचा आहे. वरवर हा विषय मिस्त्रीच्या दुकानातला वाटेल. परंतु गरिबाच्या वाहनाचा इतिहास लिहिण्यास सहसा कोणी बसत नाही, आणि म्हणून तो कुठेतरी सांगितला गेलेला बरा.

बडोद्याच्या दक्षिणेस मकरपुरा आहे. खंडेराव महाराजांनी आपल्या कारकिर्दीत, म्हणजे १८५६ ते १८७० या काळात, येथे उन्हाळी राजवाडा उभारला आणि पुढे सयाजीरावांनी तो वाढविला. हा वाडा आज हवाई दलाकडे आहे. गुजरात औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले, आणि त्यानंतर मकरपुऱ्याला औद्योगिक वसाहत आली. महाराजांच्या शिकारीच्या रानाशेजारी लेथ यंत्रे गरगरू लागली. अशा वसाहतीत कच्चा माल येतो, तयार माल जातो, आणि कामगार रोज सकाळी येऊन संध्याकाळी परततात. या सर्व ये-जा करण्याचा फार मोठा भार तीन चाकांनी उचलला आहे. तेव्हा या वाहनांच्या इंजिनांविषयी बोलण्यास मकरपुऱ्याइतकी योग्य जागा क्वचितच असेल.

पहिल्याने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तीन चाके म्हणजे मोटारीचे अपुरे राहिलेले रूप, असे पुष्कळांना वाटते. इतिहास उलट सांगतो. कार्ल बेन्झ याने २९ जानेवारी १८८६ रोजी ज्या मोटारीचे पेटंट घेतले, ती मोटार तीनच चाकांची होती. तिच्या इंजिनाला एकच सिलिंडर होता, त्याचे आकारमान ९५४ घन सेंटिमीटर होते, आणि त्यातून निघणारी शक्ती मात्र पाऊण अश्वशक्तीच्या आसपास. दोन वर्षांनी, १८८८ साली, त्याची पत्नी बेर्था हिने नवऱ्याला न सांगता दोन मुलांना बरोबर घेतले आणि मानहाइमहून फोर्झहाइमपर्यंत शंभराहून अधिक किलोमीटरचा प्रवास या गाडीने केला. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने साफ केली. इंधन संपले, ते तिने औषधाच्या दुकानातून घेतले. टोपीच्या पिनेने दुरुस्त होणारे इंजिन हे जुन्या इंजिनाचे सर्वांत सुंदर वर्णन आहे, असे मला वाटते. हा गुण पुढे शंभर वर्षे टिकला.

आशिया खंडाने हे वाहन आपलेसे केले ते गरजेपोटी. हिरोशिमाच्या तोयो कोग्यो कारखान्याने, म्हणजे ज्याला आज आपण माझदा म्हणतो त्याने, १९३१ साली 'माझदा-गो' नावाची तीन चाकांची मालवाहू गाडी काढली. तिचे तोंड सरळसरळ मोटरसायकलचे होते. युद्धानंतर इटलीत पियाज्जो कंपनीसाठी कोर्रादीनो दास्कानियो याने स्कूटरला मागे दोन चाके जोडून १९४८ साली 'आपे' बनविली. स्कूटरचे नाव व्हेस्पा, म्हणजे गांधीलमाशी. आणि 'आपे' म्हणजे मधमाशी, कष्ट करणारी. नावे ठेवावीत तर अशी! दिल्लीत तर याहून विलक्षण प्रकार घडला. महायुद्धातून उरलेल्या हार्ले-डेव्हिडसन लष्करी मोटरसायकलींना मागे बाकांचे डबे जोडून त्यांची प्रवासी फटफटी झाली, आणि चांदणी चौकातून ती कित्येक दशके धावली. त्या इंजिनात दोन सिलिंडर होते, आकारमान सुमारे ७४० घन सेंटिमीटर, आणि दाब मुद्दाम कमी ठेवलेला, कारण रणांगणावर हलक्या प्रतीचे पेट्रोलही चालले पाहिजे.

महाराष्ट्राचा या कथेत मोठा वाटा आहे. पुण्यात नवलमल फिरोदिया यांनी ऑटोरिक्षाची कल्पना उचलून धरली. १९५८ साली बजाज टेम्पो कंपनी निघाली आणि तिने जर्मन सहकार्याने 'हान्सेआट' ही तीनचाकी बनविण्यास घेतली. लोकांनी तिचे जर्मन नाव बाजूला ठेवून तिला 'टेम्पो' म्हटले, आणि हा शब्द आता मराठीच होऊन बसला आहे. बजाज ऑटोला १९५९ साली दुचाकी व तीनचाकी बनविण्याचा परवाना मिळाला. तिची पहिली रिक्षा इंजिन पुढे असलेली होती. मागे इंजिन असलेली रिक्षा १९७७ साली आली.

सौराष्ट्रातील कारागिरांनी या सर्वांपेक्षा वेगळी वाट धरली. त्यांनी घेतली एन्फील्ड बुलेट. मद्रासमध्ये १९५५ साली या मोटरसायकलीचा कारखाना निघाला होता, आणि लष्कर व पोलीस यांच्यामुळे ती देशभर माहीत झाली होती. तिचा सिलिंडर ओतीव लोखंडाचा, आकारमान ३४६ घन सेंटिमीटर, व्यास ७० मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ९० मिलिमीटर. धाव व्यासापेक्षा लांब असल्याने हे इंजिन सावकाश फिरतानाही नेटाने ओढते. जड फ्लायव्हील त्याला धीर देते. कागदावर त्याची शक्ती अठरा अश्वशक्ती. जुनी, टाकाऊ झालेली बुलेट स्वस्तात घ्यावी, मागचे चाक काढावे, आस जोडावा आणि खोके ठोकावे, की छकडा तयार! पुढे राजकोटजवळच्या शापर येथील अतुल ऑटोसारख्या कंपनीने तीनचाकी रीतसर कारखान्यात बनविण्यास घेतली.

आता खरी तुलना येथे सुरू होते. कालांतराने छकड्यातून बुलेटचे पेट्रोल इंजिन उतरले आणि तेथे एका सिलिंडरचे डिझेल इंजिन चढले. ही इंजिने बहुधा इटलीतील लोम्बार्दिनी कंपनीच्या आराखड्यावरून आपल्याकडे ग्रीव्ह्ज कंपनीने बनविलेली असत. सुमारे चारशे घन सेंटिमीटर आकारमानाच्या अशा इंजिनाची शक्ती किती? सात ते आठ अश्वशक्ती! म्हणजे नवे इंजिन जुन्याच्या निम्म्याहूनही दुबळे. यंत्राच्या इतिहासात नवे ते अधिक बलवान अशी आपली समजूत असते. ती छकड्यापाशी येऊन अडखळते.

मग दुबळे इंजिन बलवानाला हटवून कसे बसले? याचे एक उत्तर वाऱ्यात आहे. बुलेटचे इंजिन निवविण्याची भिस्त समोरून येणाऱ्या वाऱ्यावर. दोन माणसे घेऊन मोकळ्या रस्त्याने जाताना तो वारा भरपूर मिळतो. परंतु पंधरा माणसे आणि वर भाजीचे भारे घेऊन, वैशाखाच्या उन्हात, धुळीच्या रस्त्याने सायकलच्या गतीने चालताना वारा कोठून यायचा? इंजिन तापे आणि दट्ट्या सिलिंडरला धरून बसे. डिझेल इंजिनाच्या फ्लायव्हीललाच पंख्याची पाती होती, त्यामुळे गाडी उभी असली तरी वारा आपोआप मिळे. शिवाय ते दिवसभर ओझ्याखाली चालावे म्हणूनच घडविलेले. शर्यतीचा घोडा आणि नांगराचा बैल यांत जो फरक, तोच येथे.

दुसरे उत्तर इंधनाच्या जाळण्यात आहे. वर्गात मुलांना हे समजावताना मी सायकलचा पंप हाती देतो. तोंड दाबून चारदोन वेळा पंप मारला की नळी गरम लागते. पेट्रोल इंजिन हवा आणि इंधन यांचे मिश्रण सहा-सात पट दाबून ठिणगीने पेटविते. डिझेल इंजिन नुसती हवाच सोळा-अठरा पट दाबते. ती इतकी तापते की, त्यात डिझेलचा फवारा सोडताच तो ठिणगीवाचून पेट घेतो. जास्त दाबामुळे त्याच इंधनातून अधिक काम निघते. ठिणगीचा प्लग नाही, कॉइल नाही, म्हणजे पावसात बंद पडण्याची कारणेही कमी. मोबदल्यात तो खणखणाट आणि हाडे खिळखिळी करणारा थरकाप पत्करावा लागला.

परंतु ही दोन्ही उत्तरे यंत्रशास्त्राची झाली. छकडेवाल्याने काही ग्रंथ वाचून निर्णय घेतला नाही. त्याने पंपावरचा भाव पाहिला. आपल्या देशात डिझेलचा दर सरकारच्या नियंत्रणाखाली, पेट्रोलहून पुष्कळ कमी असा, दीर्घ काळ ठेवलेला होता. पेट्रोलचे नियंत्रण २०१० साली उठले, डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये. या भावाच्या फरकानेच एक इंजिन उतरविले आणि दुसरे चढविले. ज्या बडोद्याजवळ कोयली येथे १९६५ पासून तेलशुद्धीकरण चालू आहे, त्या प्रदेशात तरी ही गोष्ट विसरता कामा नये. इंजिनाची निवड पुष्कळदा इंजिन पाहून होतच नाही.

शहरातल्या रिक्षाची कहाणी निराळी. तिचे जुने इंजिन दोन धावांचे, सुमारे १४५ घन सेंटिमीटरचे. चार धावांच्या इंजिनात दट्ट्या दोन वेळा वरखाली होतो तेव्हा एकदा स्फोट होतो. दोन धावांच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्याला स्फोट. झडपा नाहीत, वंगणाचा वेगळा साठा नाही. वंगण पेट्रोलमध्येच मिसळायचे. इतके साधे, हलके आणि चपळ यंत्र विरळा! परंतु साधेपणाची किंमत दुसऱ्याच कोणाला तरी द्यावी लागत होती. जळलेला वायू बाहेर ढकलताना ताज्या मिश्रणाचा मोठा भाग न जळताच निघून जाई, आणि वंगण जळून निळसर धूर होई. सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै १९९८ रोजी दिल्लीतील जुन्या रिक्षा बदलून स्वच्छ इंधनावरच्या आणण्याचा आदेश दिला, तो या धुरामुळे. त्या सुमारास दिल्लीतली फटफटीही गेली. नंतर काही काळ दोन धावांच्याच इंजिनाला नैसर्गिक वायू जोडून पाहण्यात आला, पण इंधन बदलले तरी वंगण जळतच राहिले आणि धूर काही पुरता थांबेना. अखेर चार धावांचे इंजिन आले. प्रारंभी ते दोनशे घन सेंटिमीटरच्या आतबाहेर होते. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा ही मानके लागू झाली, आणि कार्ब्युरेटर जाऊन त्याच्या जागी विजेच्या आज्ञेने इंधन मोजून सोडणारी यंत्रणा आली.

जुन्या इंजिनाविषयी हळवे होणारे लोक मला भेटतात. बुलेटच्या त्या 'धुक्-धुक्' आवाजाने ते मोहरतात. मला त्यांच्या आवडीचा आदर आहे, पण तो नाद ऐकणारे बहुधा रविवारी ऐकतात. दिवसाचे दहा तास त्या आवाजावर आणि त्या धुरात बसणाऱ्याला विचारावे. डिझेलचा थरकाप मनगटात आणि कमरेत उतरतो, धूर छातीत उतरतो. चौकात उभा असलेला रिक्षावाला हा आपल्याच इंजिनाचा नव्हे, तर पुढच्या दहा रिक्षांचाही धूर पीत असतो. त्याच्या बाजूने पाहिले तर नवे इंजिन निःसंशय चांगले.

तथापि एका माणसाचे नुकसान झाले, आणि ते कोणी मांडत नाही. तो माणूस म्हणजे मिस्त्री. बुलेटचे इंजिन दोन पाने आणि एक हातोडी घेऊन झाडाखाली उघडता येई. सिलिंडर झिजला तर तो लेथवाल्याकडे नेऊन थोडा मोठा कोरून घ्यावा, त्यात जाड दट्ट्या बसवावा आणि पुन्हा चालू लागावे. एक सिलिंडर असा अनेकदा कोरला जाई. मकरपुऱ्यासारख्या ठिकाणच्या छोट्या कारखान्यांना हे काम हक्काचे. डिझेलच्या इंजिनातही फवाऱ्याचा पंप सोडला तर बाकी सारे मिस्त्रीच्या आवाक्यात होते. इंधन मोजणारी नवी यंत्रणा मात्र बिघाडाचा अंक पडद्यावर दाखविते, आणि तो अंक वाचणारे उपकरण कंपनीच्या दुकानात असते. कानाने इंजिन ओळखणाऱ्या माणसाच्या कानाला आता काम नाही. त्याचा मुलगा तेच शिकेल, ही खात्री गेली. अशा माणसांना नवे उपकरण आणि नवे शिक्षण देण्याचे काम औद्योगिक शिक्षण संस्थांनी किती नेटाने केले, हा प्रश्न मला इंजिनाच्या अश्वशक्तीहून महत्त्वाचा वाटतो. ज्या बडोद्यात १८९० साली कलाभवन उघडून कारागिराच्या मुलाला यंत्रविद्या शिकविण्याचा घाट घातला गेला, त्या बडोद्याला तर हा प्रश्न विचारण्याचा अधिकारच आहे.

आता विजेची तीनचाकी आली आहे. पुण्याच्या बजाज कंपनीनेही २०२३ साली ती बाजारात आणली. बेन्झच्या इंजिनाला गाडी जागची हलविण्यापूर्वी हाताने फिरवून गती द्यावी लागे. विजेची मोटर उभ्या जागेवरूनच पूर्ण जोर लावते, म्हणून वारंवार थांबणाऱ्या वाहनाला ती विशेष मानवते. तिच्यात दट्ट्या नाही, वंगण नाही, धूर नाही, आवाज तर जवळजवळ नाहीच. कोरून मोठा करावा असा सिलिंडरही नाही. मकरपुऱ्याच्या आसपासच्या गल्ल्यांतून हिंडताना 'बोअरिंग'च्या जुन्या पाट्या अजून दिसतात. त्यांतल्या काहींवर खाली, नव्या रंगात, बॅटरी दुरुस्तीची एक ओळ वाढविलेली आहे.