'इतर किरकोळ साहित्य' : वाद्यांच्या चोरीचा आपला इतिहास

आमचे भीमगीतांचे पथक मुळशी तालुक्यातले. दोन वर्षांपूर्वी जयंतीच्या कार्यक्रमासाठी आम्ही जिल्ह्याबाहेर गेलो होतो. रात्री कार्यक्रम संपला, मंडळी जेवायला बसली आणि तेवढ्या वेळात बाहेर उभ्या असलेल्या टेम्पोतून सामान गेले. ॲम्प्लिफायर, मिक्सर, दोन माईक, हार्मोनियम, ढोलकी आणि हलगी. रात्रीच तक्रार द्यायला गेलो. लिहून घेणाऱ्याने एकेका वस्तूचे बिल मागितले. ॲम्प्लिफायरचे आणि मिक्सरचे होते. ते दोन्ही कंपनीच्या नावासकट, किमतीसकट कागदावर उतरले. हार्मोनियम 'जुनी, वापरलेली' म्हणून उतरली. ढोलकी-हलगीपाशी पेन थांबले. बिल नाही, किंमत सांगता येत नाही. शेवटी ओळ पडली : 'इतर किरकोळ साहित्य'.

ती हलगी आमच्या पथकातल्या काकांच्या वडिलांची. कडे तेच, चामडे मात्र बापलेकांनी कितीदा तरी नव्याने मढवलेले. काका मातंग समाजाचे. परत येताना टेम्पोत एवढेच म्हणाले, "माझ्या बापाला गावानं कधी बिल दिलं नाही. मी कुठून आणू?"

काकांचे हे वाक्य त्या कागदापेक्षा जास्त खरे आहे. 'किरकोळ' हा शब्द त्या रात्री कुणा एका शिपायाने शोधून काढलेला नाही. त्याच्या आधी तो गावगाड्याने लिहिला आहे, सरकारी दप्तराने लिहिला आहे आणि, कबूल करायला हवे, थोडा आपणही लिहिला आहे. चोर फक्त शेवटी आला.

सुरुवात गावगाड्यापासून करू. त्रिंबक नारायण आत्रे यांचे 'गावगाडा' हे पुस्तक १९१५ सालचे. त्यात बलुतेदारीची जी व्यवस्था दिसते तिच्यात प्रत्येक जातीला काम नेमून दिलेले आहे. लग्नात, जत्रेत, पोळ्याला, देवाच्या पालखीपुढे वाजवणे हे अनेक गावांत मांगांच्या वाट्याचे. हलगी त्याची, हात त्याचे, पण वेळ त्याची नाही. गावाने हाक मारली की जायचे. मोबदला म्हणजे सुगीला खळ्यावर मिळेल ते धान्य आणि सणाला दारोदार मागून आणलेले वाढण. कोणत्या वाजवण्याचे किती, हे ठरलेले नाही. ज्या कामाची मजुरी ठरत नाही त्या कामाच्या हत्याराची किंमत कशी ठरणार? सुताराच्या वाकसाला, न्हाव्याच्या वस्तऱ्याला निदान बाजारात भाव होता. हलगी गावाच्या लेखी वस्तूच नव्हती. ती जातीचाच एक भाग होती.

आणि या व्यवस्थेची चलाखी पाहा. चामडे विटाळाचे, पण त्याचा आवाज शुभाचा! हलगी कडाडल्याशिवाय नवरदेव वेशीतून आत येत नाही. पालखीच्या सर्वांत पुढे वाजवणारा असतो आणि देवळाच्या पायरीशी सर्वांत आधी थांबतोही तोच. वाजवणाऱ्याचा आवाज घ्यायचा आणि माणूस बाहेर ठेवायचा, ही या देशातली वाद्यांची पहिली चोरी. तिची फिर्याद कुठल्याही ठाण्यात नाही.

बाबासाहेबांनी हा प्रश्न मुळापासून धरला. १९ मार्च १९२८ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. ते हलक्या मानल्या गेलेल्या गावकामगार वतनदारांविषयी, मुख्यतः महारांविषयी होते. पण त्यातला प्रश्न प्रत्येक बलुतेदाराला लागू पडतो. काम किती, कुणाचे आणि त्याचा मोबदला काय? मर्यादा नसलेले काम आणि हिशेब नसलेला मोबदला म्हणजे गुलामगिरी, मग तिला 'वतन' म्हणा, 'हक्क' म्हणा की 'मान' म्हणा.

आता आमच्या मुळशीकडे या. टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मुळशी सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे ही त्यातली नावे शाळेच्या पुस्तकापर्यंत पोचली. लढा १९२४ पर्यंत चालला आणि हरला. पन्नासच्या आसपास गावांना पाण्याची झळ लागली, धरण झाले आणि त्याच पाण्यावर घाटाखाली भिऱ्याला वीज तयार होऊ लागली. या लढ्याचे मोल कमी करण्याचे कारण नाही. पण भूसंपादनाचा १८९४ चा कायदा काय मोजत होता ते विचारलेच पाहिजे. तो जमीन मोजत होता, जमिनीवरचे घर मोजत होता, झाड मोजत होता. जमिनीचा कागद ज्याच्या हातात त्याच्या हातात भरपाई. मावळातल्या कितीतरी जमिनी तेव्हा पुण्याच्या सावकारांकडे गेलेल्या होत्या, म्हणजे कसणाऱ्या मावळ्यालाही पूर्ण न्याय नव्हता. मग ज्याच्याकडे जमीन नव्हतीच, ज्याचे पोट एका हलगीवर आणि चार गावांच्या लग्नसराईवर होते, त्याचे काय मोजले जाणार? हलगी बुडत नाही, ती खांद्याला लावून नेता येते. पण जिच्यापुढे वाजवायचे ती वेसच पाण्याखाली गेल्यावर त्या हलगीचे करायचे काय? वाद्य हातात आणि उपजीविका तळाशी. नुकसानीच्या कोणत्या रकान्यात हे बसते? बसत नाही. तिथेही आपण 'इतर किरकोळ'.

काही मित्र म्हणतील की ही वाद्ये गुलामगिरीची होती, गेली तर गेली. या म्हणण्यात अर्धे सत्य आहे. १९२७ च्या महाडनंतर आपल्या माणसांनी गावकीची हीन कामे नाकारायला सुरुवात केली. मेलेली ढोरे ओढणे बंद केले आणि त्याबरोबर अनेक ठिकाणी गावापुढे वाजवणेही सोडले. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर तर देवापुढचे वाजवणे उरलेच नाही. हे वाद्य टाकणे चोरीसारखे नव्हते, तो निर्णय होता. त्यासाठी बहिष्कार सोसले, मार खाल्ला. दक्षिणेत तमिळ दलितांनीही अंत्ययात्रेपुढे पराई वाजवण्याचे जातीचे काम असेच नाकारले.

पण आपण संगीत टाकले नाही, मालक बदलला. सत्यशोधकी जलशांनी वाट दाखवली होती. त्या वाटेवर भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या शाहिरांनी आंबेडकरी जलसा उभा केला. तमाशातली ढोलकी, तुणतुणे, झांज तीच. पण आता कुणाच्या हाकेवर नाही. वस्तीत वर्गणी निघायची, त्यातून ढोलकी यायची. ही ढोलकी आपल्या इतिहासातली पहिली अशी वस्तू, जी आपण आपल्या इच्छेने, आपल्या पैशाने, आपल्या कामासाठी घेतली. पुढे वामनदादांनी गावोगाव जे गाणे पोचवले तेही याच तुटपुंज्या सामानावर. म्हणून जलशाची ढोलकी चोरीला जाते तेव्हा दोन-तीन हजारांची वस्तू जात नाही, एका वस्तीने मिळवलेली मालकी जाते.

तमिळनाडूत पुढे त्याच पराईला दलित तरुणांनी प्रतिकाराचे वाद्य म्हणून परत उचलले. आपण हलगीचे काय केले? आपण ती मातंग भावांकडे ठेवून दिली. जयंतीच्या मिरवणुकीत हलगी आपल्याला हवी असते, कारण तिच्याशिवाय पाय हलत नाहीत. पण हलगीवाल्याशी बोलणी करताना आपला आवाज कधीकधी गावच्या पाटलासारखा होतो. डीजेला हजारो रुपये आगाऊ आणि हलगीवाल्याला रात्री उशिरा, उरतील तेवढे. आमच्या पथकातही सामानाच्या यादीत ॲम्प्लिफायर होता, हलगी नव्हती. ठाण्यात 'किरकोळ' लिहिले गेले तेव्हा संताप आला, पण घरी येऊन आमचीच वही उघडली तर तीही ठाण्याच्या कागदासारखीच निघाली.

आता सरकारच्या हाताकडे पाहू. वाद्य चोर नेतो तशी सत्ताही नेते, फक्त तिच्याकडे पंचनामा असतो. इंग्रजांनी १८७६ साली नाट्यप्रयोग नियंत्रणाचा कायदा केला. त्याच्या आठव्या कलमात सोय होती की बंदी घातलेला प्रयोग होणार असा संशय असेल तर वॉरंट काढून पोलिसांनी आत शिरावे, माणसांना ताब्यात घ्यावे आणि पडदे, पोशाख व इतर साहित्य जप्त करावे. इथेही 'इतर साहित्य' आहेच! हा कायदा स्वातंत्र्यानंतरही सत्तर वर्षे पुस्तकात राहिला, २०१८ साली रद्द झाला. वाटेगावच्या मांगवाड्यातून आलेल्या अण्णा भाऊ साठे यांनी १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक काढले. मुंबई सरकारने त्यावर बंदी आणली. अण्णा भाऊ थांबले नाहीत. तमाशातला गण त्यांनी बदलला आणि त्याच तमाशाला लोकनाट्याचे रूप देऊन ते पुन्हा लोकांसमोर उभे राहिले. व्यवस्थेने दार बंद केले की साहित्य बदलायचे, सांगणे बदलायचे नाही, ही त्यांची शिकवण.

अलीकडचे उदाहरण आपल्या पुण्याचे. कबीर कला मंच २००२ साली गुजरातच्या हिंसाचारानंतर उभा राहिला. एल्गार परिषदेनंतर, १७ एप्रिल २०१८ रोजी, त्याच्या कलावंतांच्या घरांवर छापे पडले. या प्रकरणातल्या छाप्यांत संगणक, मोबाईल, हार्ड डिस्क जप्त झाल्या. आजच्या शाहिराचे वाद्य फक्त डफ नाही. चालींची रेकॉर्डिंग, अर्धवट कवने, कार्यक्रमांची यादी, सगळे त्या मोबाईलमध्ये असते. तो गेला की गळा शाबूत राहतो, पण वही जाते. न्यायालयात खटल्याचे काय व्हायचे ते होवो, कलावंताचे साहित्य वर्षानुवर्षे मुद्देमालात धूळ खात पडणे ही शिक्षा निकालाआधीच सुरू होते. खुद्द सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सांगितले आहे की जप्त वस्तू ठाण्यात गरजेपेक्षा जास्त काळ ठेवू नयेत. पंचनामा, फोटो आणि हमी घेऊन त्या परत देता येतात.

सत्तेला वाद्याची भीती का वाटते? अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनात १७३९ साली काळ्या गुलामांनी स्टोनो नदीकाठी उठाव केला, ढोल वाजवत माणसे गोळा केली. पुढच्याच वर्षी, १७४० मध्ये, कायद्याने गुलामांचे ढोल आणि शिंगे बंद केली. मग त्या माणसांनी ताल अंगावर घेतला : टाळी, मांडी, छाती, पाय. आपल्या वस्त्यांतही ढोलकी फुटली तेव्हा पत्र्याचा डबा वाजला, ताटावर चमचा वाजला. हा आपला अभिमानाचा वारसा आहे. पण मी इथे सावध करतो. 'आमचे गाणे गळ्यात आहे, सामान गेले तरी काय' हे मंचावरून म्हणायला छान वाटते. गरिबाच्या जिद्दीचे कौतुक करून त्याचे नुकसान झाकण्याची कला मनुवादी व्यवस्थेला चांगली अवगत आहे. आपण तिच्या कामी येऊ नये. डबा वाजवता येतो म्हणून ढोलकीवरचा हक्क सुटत नाही.

आणि हक्काची वाट आता अधिक अरुंद झाली आहे. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या अनुसूचीत पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या मालाची चोरी अदखलपात्र धरली आहे. म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तपासच करणार नाहीत. नवी हलगी पाच हजारांच्या आत मिळते. ढोलकीही बऱ्याचदा आतच. डीजेच्या एका स्पीकरची चोरी गुन्हा म्हणून नोंदली जाईल आणि ज्या हलगीवर एक घर चालते तिची चोरी एनसीच्या वहीत पडून राहील. कायद्यात कुठेही जात लिहिलेली नाही. पण पाच हजारांची रेघ ओढली की तिच्या खाली कुणाची वाद्ये येतात ते उघड दिसते.

म्हणून प्रत्येक पथकाने, प्रत्येक बुद्धविहाराने काही साधी कामे करावीत. वाद्यांची नोंदवही ठेवा. प्रत्येक वाद्याचा फोटो, खूण, बनवणाऱ्याचे नाव, मढवणीचा खर्च लिहा. कारागिराकडून साध्या कागदावर पावती घ्या. चोरी झाली तर वाद्ये सुटी सुटी सांगू नका, सगळ्या सामानाची एकत्र किंमत सांगून गुन्हा नोंदवायचा आग्रह धरा आणि प्रत मागा. एनसीच झाली तर दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करा. गाण्यांच्या रेकॉर्डिंगची दुसरी प्रत दुसऱ्या घरात ठेवा. आणि हलगीवाल्याचे मानधन कार्यक्रमाआधी ठरवा, लेखी ठरवा. बाबासाहेबांनी शिकवलेला हिशेब आधी आपल्या घरात लागू झाला पाहिजे.

आमचे सामान मिळाले नाही. वर्गणीतून ढोलकी आली, मिक्सर अजून भाड्याचा आहे. काकांनी नवी हलगी स्वतः मढवली. नोंदवही सुरू केली तेव्हा पहिल्या ओळीत ॲम्प्लिफायर लिहिणार होतो, तो खाली गेला. पहिल्या ओळीत हलगी आहे, पुढे काकांचे पूर्ण नाव आहे. किंमत आम्ही ठरवली नाही. ती काकांनी सांगितली, आणि त्यांनी चामड्याबरोबर आपल्या हाताची मजुरीही धरली. आकडा पाच हजारांच्या वर गेला.

जय भीम!