हुमणी बांध ओळखत नाही

पेरणी झाली, पाऊसही बरा झाला, तरी उगवण विरळ झाली किंवा आलेली रोपं मधेच पट्ट्यापट्ट्याने वाळायला लागली, की आपण पहिला दोष बियाण्याला देतो. दुसरा पावसाला. मग उसनवारी करून दुबार पेरणी. पण मंडळी, दुकानदाराशी भांडायला जाण्याआधी एक काम करा. खुरपं घ्या आणि वाळलेल्या रोपाखाली वीतभर उकरून बघा.

रोप जमिनीलगत कापून आडवं पडलंय आणि जवळच्या ढेकळाखाली राखाडी अळी वेटोळं करून बसलीय, तर ती कुरतडणारी अळी. मूळ किंवा उसाचं बेणं आतून पोकळ आणि त्यात माती भरलेली, तर वाळवी. आणि रोप दोन बोटांनी ओढलं की अलगद हातात येतं, मुळं गायब, खाली अर्धगोल वाकलेली पांढरट अळी, डोकं तपकिरी, पुढे पायांच्या तीन जोड्या, तर ती आपली जुनी ओळखीची हुमणी.

उकिरड्यात दिसणारी प्रत्येक पांढरी अळी मात्र हुमणी नसते. अळी सपाट जागेवर ठेवा. उताणी होऊन पाठीवर सरकायला लागली तर ती खत कुजवणाऱ्या भुंग्याची. तिला मारायची गरज नाही.

आता मूळ मुद्दा. ही हुमणी आपल्या नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) एवढी का माजली, याचा इतिहास बघितला तर तो आपल्या पाटपाण्याच्या आणि उसाच्या इतिहासाला चिकटलेला आहे.

हुमणी पाटामुळे जन्माला आली असं नाही, ती आधीही होतीच. पण प्रवरेवर भंडारदऱ्याचं धरण १९१० ला सुरू होऊन १९२६ ला पूर्ण झालं, आणि खालच्या भागाचं रूप पालटलं. जिथे बाजरी-ज्वारी निघाल्यावर जमीन उन्हाळाभर तापत पडायची, तिथे ऊस उभा राहिला. हरेगावला बेलापूर कंपनीचा कारखाना आला. मग लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साथीने शेतकऱ्यांचा स्वतःचा कारखाना उभा केला, १९५०-५१ च्या हंगामात त्याचं गाळप सुरू झालं. त्याच्या मागोमाग जिल्ह्यात एकेक करत कारखाने उभे राहिले. घराघरात पैसा आला, पोरं शिकली. हे सगळं खरंच आहे.

पण त्याच उसाने हुमणीला घर दिलं. लागणीचा ऊस, मग खोडवा, मग आणखी एक खोडवा. दोन-तीन वर्षं नांगर लागत नाही, जमीन ओली, मुळं बारमाही. जमिनीत राहणाऱ्या किडीला यापेक्षा आणखी काय पाहिजे?

मग औषधांचा काळ आला. १९५२ मध्ये कलकत्त्याजवळ रिश्र्याला बीएचसीचा कारखाना सुरू झाला आणि पुढे ती पावडर गावोगाव पोचली. पेरणीआधी सरीत धुरळायची की काम झालं. जुन्या माणसांना तिचा तो उग्र वास अजून आठवत असेल. वास तसाच राहायचा, कारण औषधही मातीत तसंच राहायचं. वर्षानुवर्षं. ते चाऱ्यातून दुधात आणि दुधातून आपल्यात यायला लागलं. १९९६ मध्ये अल्ड्रिनवर बंदी आली, १९९७ मध्ये बीएचसीवर. मग आपण फोरेटच्या दाण्यांकडे वळलो. ते इतकं जहाल की सरकारने २०१८ मध्ये आदेश काढून २०२० च्या अखेरीपासून तेही बंद केलं.

म्हणजे बघा, पन्नास-साठ वर्षांत एकामागून एक गोणी आली आणि गेली. हुमणी आहे तिथेच आहे. २०१८ च्या पावसाळ्यात तिने राज्यातल्या उसाला असं घेरलं की साखर कारखानदारांच्या देशपातळीवरच्या संघटनेने त्या ऑक्टोबरमध्ये उत्पादनाचा अंदाज सुमारे ३५५ लाख टनांवरून ३१५ लाख टनांवर आणला. कमी पावसाबरोबर त्यांनी जी कारणं दिली, त्यात हुमणीचं नाव होतं.

का हरतो आपण? कारण आपण तिला शोधतो चुकीच्या महिन्यात. ऑगस्ट-सप्टेंबरला ऊस वाळायला लागला की आपण जागे होतो. तेव्हा अळी मोठी झालेली असते, मुळांत खोल असते, तिच्यापर्यंत औषध पोचवणं अवघड. तिचं वर्ष जरा उलट बाजूने बघा. वर्षात तिची एकच पिढी. वळवाचा किंवा रोहिणीचा पहिला दमदार पाऊस पडला, की जमिनीत दबा धरून बसलेले तपकिरी भुंगेरे संध्याकाळी अंधार पडताना बाहेर येतात. थेट बांधावरच्या कडुनिंबावर, बाभळीवर जातात. तिथे पाला खातात, तिथेच त्यांचं मीलन होतं. पहाटे परत जमिनीत. मग एकेक मादी पन्नास-साठ अंडी घालते.

म्हणजे जी कीड पुढे एकराएकरांत विखुरते, ती त्या चार-सहा संध्याकाळी मोजक्या झाडांवर गोळा झालेली असते. हत्यार काय लागतं? आकडी, बॅटरी, घमेलं. खाली कापड अंथरायचं, फांद्या हलवायच्या, पडलेले भुंगेरे रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकायचे. रॉकेल आता मिळत नाही, तर साबणाचं पाणी घ्या. एक मादी अंडी घालण्याआधी मारली म्हणजे पुढच्या पन्नास अळ्या कमी.

राहिलेल्या अळीसाठी मेटारायझियम ही बुरशी आहे. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे लोकही तिची शिफारस करतात. ही काही कालची गोष्ट नाही. मेचनिकॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाने १८७९ मध्ये गव्हावरच्या अशाच एका भुंग्यासाठी ती वापरून बघितली होती. चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, जमिनीत ओल असताना, अळी लहान असताना द्यायची. आणि खोडवा मोडला की खोल नांगरट करायची, बगळे आणि कावळे बाकीचं काम फुकट करतात.

हे सगळं कृषी सहायक दरवर्षी सांगतो. भिंतीवर पोस्टर लागतं. तरी होत नाही, आणि त्याचं कारण मी स्वतः अनुभवलंय. दोन वर्षांपूर्वी आम्ही घरातल्या चौघांनी तीन संध्याकाळी आमच्या बांधावरचे दोन कडुनिंब झोडपले. अर्धं घमेलं भुंगेरे निघाले. मोठं समाधान वाटलं. शेजारच्या बांधावर पाच बाभळी होत्या, त्यांना कोणी हात लावला नाही. सप्टेंबरमध्ये आमचा खोडवा वाळला तो त्याच बाजूने. शेजाऱ्याला दोष नाही देत मी. आम्ही तरी कुठे त्याला हाक मारली होती?

मला खरी बोच लागते ती इथे. ज्या जिल्ह्याने दुष्काळ आणि सावकारी यांच्यात पिचलेल्या शेतकऱ्यांना एकत्र आणून कारखाना उभा करून दाखवला, जिथल्या हिवरे बाजारने आणि राळेगणसिद्धीने गावाचं पाणी गावाने मिळून राखायचं असतं हे शिकवलं, त्या जिल्ह्यात आपल्याला गावातली झाडं मिळून एका संध्याकाळी हलवता येत नाहीत? गोणी एकट्याने विकत आणता येते, म्हणून आपण गोणीच्या मागे लागलो. भुंगेरा एकट्याने मरत नाही.

म्हणून एवढंच सुचवतो. येत्या रोहिणीच्या आत, गावात किती कडुनिंब-बाभळी आहेत आणि कुणाच्या बांधावर, त्याची वस्तीवार यादी करा. पहिला पाऊस पडला की व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज, आणि त्याच संध्याकाळी सात वाजता सगळ्या वस्त्या झाडांखाली. कारखान्यांनी पुढाकार घेतला, भुंगेऱ्यांना किलोमागे भाव लावला, तर शाळेतली पोरंसुद्धा घमेली भरतील.

तुमच्या गावात असं कधी झालंय का? झालं असेल तर कसं जमवलंत, ते खाली जरूर लिहा. आम्हाला ते शिकायचंय.