घडीभराची उसंत

आमच्या सोलापुरातल्या जुन्या मोहल्ल्यात एक खाला राहायच्या. त्यांचा मुलगा बारा-तेरा वर्षांचा, पण मान सावरत नसे. घास भरवावा लागे, रात्री दोन-तीनदा कूस बदलून द्यावी लागे. खाला कुणाच्या निकाहला दिसल्या नाहीत. सख्ख्या धाकट्या बहिणीच्या लग्नाचं बोलावणं आलं, तेव्हा एवढंच म्हणाल्या, "याला कुणाजवळ ठेवू?" प्रश्न सगळ्या गल्लीनं ऐकला. उत्तर कुणाजवळ नव्हतं.

याच प्रश्नाचं एक उत्तर इंग्लंडमध्ये कसं सापडलं, ती हकीकत सांगतो.

तिथं फार काळ अशा आईबापांपुढं दोनच वाटा होत्या. एक तर मूल गावाबाहेरच्या मोठ्या इस्पितळात कायमचं ठेवायचं, नाही तर घरी एकट्यानं निभावायचं. कार्डिफच्या ईली इस्पितळात रुग्णांना कसं वागवलं जातं, ते १९६७ मध्ये उघडकीला आलं. १९६९ मध्ये चौकशीचा अहवाल प्रसिद्ध झाला. मग १९७१ च्या श्वेतपत्रिकेत सरकारनं ठरवलं की इस्पितळं कमी करायची, ही माणसं समाजात राहतील. धोरण चांगलंच होतं. पण मूल घरी राहिलं की त्याची रात्रही घरीच राहते. इस्पितळात जे काम तीन पाळ्यांत चालायचं, ते एका आईच्या अंगावर आलं.

१९७८ मध्ये हेलन नावाच्या अडीच वर्षांच्या मुलीच्या मेंदूतली गाठ शस्त्रक्रियेनं काढली. जीव वाचला, पण मेंदूला जबर इजा झाली. बोलणं गेलं, उठणं-बसणं गेलं. आईबापांनी तिला घरी आणलं. ऑक्सफर्डमधल्या ख्रिस्ती भगिनींच्या एका मठाच्या प्रमुख सिस्टर फ्रान्सिस डॉमिनिका यांची या कुटुंबाशी ओळख झाली. त्या मुलांच्या शिकलेल्या परिचारिका होत्या. ओळखीची मैत्री झाली आणि त्यांनी विचारलं, हेलनला मधूनमधून माझ्याकडे ठेवाल का? आईनं ठेवलं. मला वाटतं, यात विचारण्यापेक्षा ठेवणं अवघड होतं. हेलन मठात काही दिवस राहायची आणि घरी परतायची. इस्पितळाच्या वाटेत आणि या वाटेत फरक होता तो या परतण्याचा.

मग अशा इतर घरांचं काय, हा विचार आला. देणग्या जमल्या, आणि मठाच्याच बागेत नोव्हेंबर १९८२ मध्ये 'हेलन हाउस' उघडलं. मुलांसाठीचं जगातलं पहिलं हॉस्पिस ते हेच. हॉस्पिस म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं मरण येतं. इथं मात्र बरीचशी मुलं चार दिवस राहायला यायची आणि घरी जायची. जागा आठच मुलांची. आईबापांना सोबत राहायचं असेल तर त्यांचीही सोय.

या सेवेला इंग्रजीत 'रेस्पिट' म्हणतात. मी शब्दांत रमणारा माणूस, म्हणून कोश उघडला. 'रेस्पिट' आणि आदर या अर्थाचा 'रिस्पेक्ट' हे दोन्ही एकाच लॅटिन शब्दातून आलेले! तरी पुढं तिथल्या काहींना 'रेस्पिट' खटकू लागला, कारण त्यात मूल म्हणजे ओझं असं ध्वनित होतं. म्हणून 'शॉर्ट ब्रेक' हा शब्द आला. मला आपली 'उसंत' बरी वाटते. तिच्यात कुणाबद्दल तक्रार नाही.

२०११ पासून इंग्लंडमध्ये अशी उसंत देणारी सेवा ठेवणं स्थानिक प्रशासनावर बंधनकारक झालं. त्या नियमांतलं एक कलम मला फार आवडलं. आई पुरती कोलमडेपर्यंत थांबायचं नाही. तिला काही शिकायचं असेल, दुसऱ्या मुलांकडं पाहायचं असेल, घरातली रोजची कामं उरकायची असतील, तर तीही कारणं धरायची. पैसा पुरतो का, हे भांडण तिथंही आहेच.

आपल्याकडं १९९९ मध्ये नॅशनल ट्रस्टचा कायदा झाला. आत्ममग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठीचा. कुटुंबावर अडचण आली असता सेवा देणाऱ्या संस्थांना साहाय्य करणं, हे त्याच्या उद्दिष्टांतच लिहिलंय. ट्रस्टची 'समर्थ' नावाची योजनाही निघाली. पण आपले पालक भेटले की पहिला प्रश्न असतो, "आमच्या माघारी याचं काय?" तो खराच आहे. त्याच्या दडपणाखाली "आज रात्री मी झोपू का?" हा प्रश्न मात्र कुणी तोंडावर आणत नाही. आईनं तो विचारणंच आपल्याला पाप वाटतं.

खालांच्या बहिणीचं लग्न त्यांच्याविनाच झालं. त्यानंतर माझी अम्मी त्यांच्याकडं गेली आणि म्हणाली, "दोन तास मी बसते, तू जा." खाला गेल्या आणि पाव तासात परत आल्या, जीव लागेना. अम्मी पुढच्या जुम्म्याला पुन्हा गेली, त्याच्या पुढच्याही. घास कसा भरवायचा, मान कशी धरायची, ते शिकली. तीन-चार महिन्यांनी कुठं खाला तिच्यावर पोरगा सोडू लागल्या. लोकांना वाटायचं, या आता बाजारहाट करतील, माहेरी जाऊन येतील. त्या आमच्या घरी यायच्या, मागच्या खोलीत चटई टाकायच्या आणि असरच्या अजानपर्यंत गाढ झोपायच्या.