पावसाचें गणित

माझ्या बालपणीं आकाशवाणीवरून "तुरळक ठिकाणीं पाऊस पडण्याचा संभव आहे" असें सांगत, आणि घरांतील वडील मंडळी हंसत. आज तोच अंदाज तालुक्यागणिक मिळतो. तरी तक्रार कमी झालेली नाहीं, उलट वाढली आहे. ही वाढती अपेक्षाच गणकयंत्रांना आजवर पुढें ढकलीत आली.

आरंभ एका इंग्रज गृहस्थापासून करावा लागतो. लुइस फ्राय रिचर्डसन हा पहिल्या महायुद्धांत फ्रान्समध्यें रुग्णवाहिकेवर काम करी. फावल्या वेळांत त्यानें २० मे १९१० या दिवसाचें मध्य युरोपांतील सहा तासांचें हवामान केवळ समीकरणांवरून काढून पाहिलें. हिशेबाला सुमारे सहा आठवडे लागले. उत्तर असें आलें कीं, वायुभार सहा तासांत १४५ मिलिबारांनीं चढावा. प्रत्यक्षांत पारा जवळजवळ हललाच नव्हता! १९१७ मध्यें लढाईच्या धांदलींत त्याचें हस्तलिखित गहाळ झालें, तें कांहीं महिन्यांनीं बेल्जममध्यें कोळशाच्या ढिगाखालीं सांपडलें. १९२२ सालीं त्यानें तें चुकलेल्या उत्तरासह प्रसिद्ध केलें. रीत बरोबर असून उत्तर चुकलेल्या मुलास मीं शाळेंत नेहमींच अर्धे गुण देत आलों. वाऱ्यापावसाच्या बरोबरीनें धांवण्यास ६४,००० माणसें हिशेबास बसवावीं लागतील, असा रिचर्डसनचा अदमास होता.

माणसें मिळालीं नाहींत, यंत्र मिळालें. १९५० सालीं अमेरिकेंत चार्नी, फ्योर्टोफ्ट व फॉन नॉयमन यांनीं सुमारे १८,००० निर्वात नळ्यांच्या 'एनियॅक'वर २४ तासांचा अंदाज काढला. त्यास सुमारे २४ तासच लागले. म्हणजे उद्यांचें भाकीत हातीं येईतों उद्यां उजाडलेला!

त्या नकाशावर दोन बिंदूंमध्यें सातशेंहून अधिक किलोमीटरांचें अंतर होतें. एवढ्या विरळ जाळ्यांतून सह्याद्रीची रुंदी सहज निसटते. जाळें बारीक करावें, तर चौकोनाची बाजू निमी करतांच चौकोन चौपट होतात. शिवाय काळाचीं पावलेंहि निमीं टाकावीं लागतात, नाहींतर हिशेब फिसकटतो. म्हणजे काम आठपट झालें. हवेचे थरहि दुप्पट केले, तर सोळापट. असें व्याज कोणा सावकारानेंहि लावलें नसेल!

मान्सूनच्या अभ्यासासाठीं भारतानें अमेरिकेकडे महागणकयंत्र मागितलें, तेव्हां अधिक समर्थ यंत्र नाकारलें जाऊन त्याहून कमी शक्तीचें 'क्रे' दिल्लीस आलें. १९८८ मध्यें पुण्यांत 'सी-डॅक' स्थापन झाली, व विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ मध्यें 'परम ८०००' सिद्ध झालें. पुण्याच्याच उष्णदेशीय हवामान संस्थेंत २०१८ मध्यें 'प्रत्यूष' आलें. सेकंदाला चारावर पंधरा शून्यें इतक्या क्रिया करण्याची त्याची शक्ति. अंदाजाचा चौकोन १२ किलोमीटरांचा. २०२४ मध्यें जवळजवळ तिप्पट शक्तीचें 'अर्क' आलें, आणि २०२५ मध्यें चौकोन ६ किलोमीटरांवर आला.

ही बातमी मीं शेती करणाऱ्या माझ्या पुतण्यास मोठ्या अभिमानानें सांगितली. मागल्या सालीं त्याला दुबार पेरणी करावी लागली होती. तो म्हणाला, "काका, तेवढ्या चौकोनांत आमच्या डोंगराच्या दोन्ही अंगचीं गांवें बसतात. पाऊस पलीकडे पडतो, आणि माझें रान अलीकडे आहे."