पहिली वेलांटी: आधी की नंतर?

‘किती’ लिहिताना पहिली वेलांटी ‘क’च्या आधी काढतात. बोलताना मात्र आधी ‘क्’ येतो, मग ‘इ’. डोळस माणसाला या क्रमाने काही फरक पडत नाही. मला पडतो. मी आसनगावला राहतो आणि फोन कानाने वाचतो. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर हेच माझं वाचन.

या वेलांटीला इतिहास आहे. लुई ब्रेलने सहा ठिपक्यांची लिपी १८२९ साली प्रसिद्ध केली. मुंबईत ॲना मिलार्ड यांनी १९०० साली अंध मुलांची शाळा काढली. तेव्हा भारतात ब्रेलचे अनेक संकेत चालत, एका प्रांतातलं दुसऱ्याला वाचता येत नसे. १९५१ साली ‘भारती ब्रेल’ ठरली. आता मराठी, तमिळ, बंगाली, कुठल्याही भाषेतल्या ‘क’ला तेच दोन ठिपके. आणि वेलांटी वेगळी नाहीच. ‘किती’ म्हणजे क, इ, त, ई. कानाला ऐकू येतो तोच क्रम.

छापखान्याचा क्रम डोळ्याचा राहिला. टाइपरायटरवर पहिली वेलांटी आधी उमटायची. संगणक आल्यावर कृतिदेवसारख्या फॉन्टनी तीच सवय उचलली, वर इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवले. कृतिदेवमध्ये टाइप केलेला ‘किती’ दिसतो मराठी, पण फाइलमध्ये असतात एफ, डी, आर, एच.

१९९१ साली भारतीय मानक ‘इस्की’ आणि युनिकोड, दोन्हींनी उच्चाराचा क्रम धरला: आधी क, मग वेलांटी. बोटांनी वाचणाऱ्यांकडे तो चाळीस वर्षं आधीपासून होता.

तरी जुने फॉन्ट टिकून आहेत. मध्यंतरी एका योजनेची सूचना व्हॉट्सॲपवर आली. लोकलमध्ये उघडली, तर शहाड येईपर्यंत फोन इंग्रजी अक्षरंच बडबडत होता. मधला आकडा तेवढा नीट आला. तारीख कळली, ती कशाची ते नाही. शेवटी शेजाऱ्याकडून वाचून घेतली, अर्जही त्यानेच भरला. माझा बँक खाते क्रमांक आता त्यालाही पाठ आहे.

कायद्याने आपलं काम बरंच केलंय. २०१२च्या दुरुस्तीनंतर अपंग वाचकांसाठी पुस्तकाची सुलभ प्रत काढायला कॉपीराइट आड येत नाही. त्यासाठीच्या माराकेश कराराला २०१४ साली सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारत. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा डिजिटल मजकूरही सुलभ असावा असं सांगतो.

२००८ साली स्वागत थोरात यांनी ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केलं. ते वेगळं छापावं लागतं, जाड कागदावर. युनिकोड फाइलला वेगळी आवृत्ती लागत नाही. त्याच फाइलमधून तुम्हाला अक्षरं मिळतात, मला आवाज, आणि ब्रेल डिस्प्ले असेल तर ठिपकेही.

गावच्या ग्रुपवर पीडीएफ टाकण्याआधी एवढंच करा. त्यातली एक ओळ कॉपी करून मेसेजमध्ये चिकटवा. मराठीच उमटली, तर ती मलाही ऐकू येईल. इंग्रजी कचरा उमटला, किंवा ओळ निवडताच आली नाही, तर मजकूर फोनवर पुन्हा टाइप करून पाठवा. फोनचा मराठी कीबोर्ड युनिकोडच लिहितो.