दोन म्हातारे मॉनिटर आणि एक निळं सॉकेट

ताईने घरून अकाउंट्सची कामं घ्यायचं ठरवलं तेव्हा तिला दोन स्क्रीन हव्या होत्या. एकीवर बिलं, दुसरीवर टॅली. पण बजेट जेमतेम एका स्वस्तातल्या डेस्कटॉपचं. माझे दोन १७ इंची एलसीडी माळ्यावर पडून होते. एकाला फक्त व्हीजीए, दुसऱ्याला डीव्हीआयसुद्धा. "भंगारात द्या ते, हल्ली कोण वापरतं!" इति दुकानदार. म्हटलं, बघू तरी.

नव्या मशीनच्या पाठीमागे दोनच आउटपुट. एक एचडीएमआय आणि एक निळं, १५ पिनांचं व्हीजीए. आता हे आजोबा इथे अजून काय करतायत?

त्यासाठी थेट १९८७ मध्ये जावं लागतं. त्या वर्षी आयबीएमने पीएस/२ मालिकेबरोबर व्हीजीए आणलं. तेव्हाचा मॉनिटर म्हणजे काचेची पिक्चर ट्यूब. लाल, हिरवा, निळा, प्रत्येक रंगाला एकेक तार. तारेतला व्होल्टेज कमीजास्त झाला की ट्यूबमधला इलेक्ट्रॉनचा झोत कमीजास्त. साधा सरळ ॲनालॉग हिशोब.

मग एलसीडी आले आणि गंमत झाली. कॉम्प्युटर डिजिटल, पडदाही डिजिटल, मधली तार मात्र ॲनालॉग! म्हणजे कॉम्प्युटरने आकड्यांचा व्होल्टेज करायचा आणि मॉनिटरने त्या व्होल्टेजचे पुन्हा आकडे. मराठीचं हिंदी करून परत मराठी करावं तसं. त्या मॉनिटरवरचं 'ऑटो' बटण आठवतंय? दाबलं की चित्र सरकून जागेवर बसायचं. ती या उलट्या भाषांतराचीच जुळवाजुळव होती.

१९९९ मध्ये डीव्हीआय आलं, आकडे सरळ आकडे म्हणूनच पाठवणारं. पण जुन्या मॉनिटरवाल्यांना दुखवायची हिंमत कोणाला? म्हणून त्याच्या डीव्हीआय-आय प्रकारात ॲनालॉग पिनाही ठेवल्या. २००२ च्या अखेरीस एचडीएमआय आलं, तेही डीव्हीआयचीच सिग्नलची पद्धत घेऊन. त्यामुळे एचडीएमआय ते डीव्हीआय जायला नुसती केबल पुरते. व्हीजीएला मात्र मध्ये कन्व्हर्टर लागतोच.

डिसेंबर २०१० मध्ये इंटेल, एएमडी, डेल, लेनोवो वगैरे मंडळींनी मिळून ॲनालॉगला निरोप द्यायचं जाहीर केलं. मुदत २०१५. इंटेलने शब्द पाळलाही. २०१५ च्या स्कायलेकपासून प्रोसेसरमधून थेट व्हीजीए निघत नाही.

मग ताईच्या मशीनला ते कुठून आलं? तर बोर्डवर एक चिमुकली कन्व्हर्टर चिप असते. प्रोसेसर डिजिटल सिग्नल देतो, ही चिप त्याचा ॲनालॉग करते. प्रोसेसरवाल्यांनी काढलेली गोष्ट बोर्डवाल्यांनी पदरचा खर्च करून परत बसवली, तीसुद्धा सगळ्यात स्वस्त बोर्डांवर! कारण उघड आहे. स्वस्त बोर्ड घेणाऱ्याकडेच जुना मॉनिटर किंवा प्रोजेक्टर असतो.

तर एक एचडीएमआय-डीव्हीआय केबल आणली, दुसऱ्याला जुनीच व्हीजीए लावली. आधी दोन्हीकडे एकच चित्र. विंडोज आणि पी दाबून 'एक्स्टेंड' केलं आणि जमलं! व्हीजीएवाल्यावर अक्षरं किंचित पुसट दिसतात. ताईने तिथे बिलं ठेवली आणि दुसऱ्यावर टॅली.

असो. भंगारवाल्याला तूर्तास नाही म्हणून सांगितलंय.