जुन्या कॅसेटमधला आवाज मोबाईलमध्ये कसा आणावा?

फोन महाग होता त्या काळात आखाती देशांत गेलेली आपली माणसं कॅसेटवर बोलून ती घरी पाठवायची. माझे मामू कुवेतहून अशाच कॅसेट पाठवत. मामू आता हयात नाहीत. कपाटात त्यांच्या अकरा कॅसेट सापडल्या, पण वाजवायला घरात टेपरेकॉर्डरच नव्हता. ज्यांच्या घरी अशा कॅसेट पडून आहेत त्यांच्यासाठी ही माहिती.

फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये ही कॅसेट बाजारात आणली. आतल्या प्लॅस्टिकच्या फितीवर चुंबकीय कणांचा थर असतो आणि आवाज त्याच थरात साठलेला असतो. दमट हवेत फितीवर बुरशी धरते. फितीवर पांढरे ठिपके दिसले तर ती कॅसेट लावू नका, बुरशी टेपच्या हेडला लागून पुढच्या कॅसेटवरही जाते. आमच्या दोन कॅसेट तशा निघाल्या. त्या जाणकाराकडे द्यायला बाजूला ठेवल्या आहेत.

चालू स्थितीतला टेपरेकॉर्डर नातेवाइकांकडे विचारा, कुणाच्या तरी माळ्यावर निघतोच. हेड कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा आणि वाळू द्या. कॅसेटच्या वरच्या कडेला दोन्ही टोकांना छोटे प्लॅस्टिकचे तुकडे असतात, ते आधी मोडून टाका. मग चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी जुना आवाज पुसला जात नाही. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण एकदा पुसलेलं परत येत नाही. त्यानंतर फीत एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन मागे आणा, म्हणजे चिकटलेली असेल तर मोकळी होते.

आता टेपच्या हेडफोनच्या भोकातून साधी ३.५ मिलिमीटरची स्टिरिओ वायर कॉम्प्युटरला जोडायची. लॅपटॉपला एकच भोक असेल तर ते बहुधा हेडफोन आणि माईकचं मिळून असतं, तिथे आवाज फाटका येतो. माझी पहिली कॅसेट अशीच वाया गेली, पुन्हा तासभर बसावं लागलं. लाईन-इन असलेलं छोटं यूएसबी साऊंड कार्ड घ्या. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर मोफत आहे. टेपचा आवाज निम्म्यावर ठेवा आणि स्क्रीनवरची पट्टी लाल होत नाही ना ते बघा. ६० मिनिटांच्या कॅसेटला ६० मिनिटंच लागतात, यात शॉर्टकट नाही. अम्मी शेजारी बसून ऐकत होत्या, त्यामुळे मला तरी तो वेळ जड गेला नाही.

मूळ प्रत वेव्ह फाईलमध्ये ठेवा. ४४,१०० हर्ट्‌झ, १६ बिट, स्टिरिओ अशी फाईल मिनिटाला सुमारे १० एमबी घेते, म्हणजे पूर्ण कॅसेट ६०० एमबीच्या आसपास. ऐकायला आणि वाटायला त्यातूनच १२८ केबीपीएसची एमपीथ्री काढा, ती साठेक एमबीत बसते. एमपीथ्रीतून पुन्हा वेव्ह केल्याने गेलेला दर्जा परत येत नाही, म्हणून क्रम उलटा करू नका.

गाडीच्या जुन्या स्टिरिओवर वाजवायचं असेल तर पेन ड्राईव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा (आतलं सगळं पुसलं जातं, आधी कॉपी काढा) आणि एमपीथ्रीच टाका. व्हॉट्सॲपचे व्हॉईस मेसेज ओपस प्रकारात असतात, मोबाईलचा रेकॉर्डर बऱ्याचदा एमफोरए बनवतो. असे स्टिरिओ ते ओळखत नाहीत. फाईलच्या नावापुढे नुसतं एमपीथ्री लिहिल्याने फाईल बदलत नाही, माझे विद्यार्थी नेमकं हेच करतात. कॉम्प्युटरवरच्या व्हीएलसीमध्ये 'कन्व्हर्ट' हा पर्याय आहे, तो वापरा.

नातेवाइकांना पाठवताना व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. निकाहचा व्हिडिओ असेल तर हे विसरू नका, नाहीतर तो दाबून लहान होतो आणि चेहरे धूसर दिसतात.

फाईलला '००१' असं नाव देऊ नका. कोण बोलतंय, कुठून, साधारण कुठलं साल आणि कॅसेटची कुठली बाजू हे नावातच लिहा. आवाज ओळखणारी मोठी माणसं घरात आहेत तोवर त्यांना विचारून घ्या. एक प्रत कॉम्प्युटरवर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि एक दुसऱ्या घरी ठेवा. कॅसेटही फेकू नका, कोरड्या डब्यात उभ्या ठेवा.